हेमसिंग मास्तरांचं डेन्मार्कला जाणं

केनवडच्या सडकेवर मोटारीची वाट पाहत उभं राहणं हेमसिंग मास्तरनं मध्यंतरी सोडूनच दिलं होतं. तो अर्धा कोस पुढं चालत जायचा आणि वळणावर हात दाखवून मोटार थांबवायचा. कारण एकच. चहाच्या हॉटेलापाशी उभं राहिलं की कोणी ना कोणी हटकून विचारायचं, "काय मास्तर, गेले नाई का अजून?" उत्तर द्यावं तर सगळी कथा सांगावी लागे, न द्यावं तर माणूस म्हणे, मास्तरले घमेंड आली.

केनवडच्या शिवाराला लागून चाळीसेक घरांचा तांडा होता. त्या तांड्यात सोमला आडे यांचा हा मुलगा. तांड्यातला पहिला मॅट्रिक. तोही शाळेत जाऊन झालेला नव्हे; दिवसा जनपद सभेच्या शाळेत तांड्यातल्या पोरांना शिकवायचं आणि दर रविवारी सायकल हाणत शिरपूरला शालिग्राम गुरुजींकडे इंग्रजी शिकायला जायचं, असं करून बाहेरून परीक्षा दिलेला. संध्याकाळी जेवणं झाली की तो तांड्यातल्या मोठ्या माणसांना एकत्र बसवून वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. कोणी मध्येच प्रश्न विचारायचं, कोणी भांडायचं, कोणी तिथंच घोरायचं. त्याला कोणी शाळा म्हणत नसे.

पंचावन्न सालच्या हिवाळ्यात विकासगटाचे साहेब एका पाहुण्याला घेऊन आले. ताडमाड उंच, लालबुंद कानांचा माणूस. नाव येन्सेन, डेन्मार्क देशातला मास्तर. घोंगडीवर बसून त्यानं तो सगळा गोंधळ पाहिला आणि साहेबाकरवी सांगितलं, "आमच्याकडे शेतकऱ्यांच्या पोरांसाठी अशाच शाळा आहेत. हिवाळ्यात शेत बर्फाखाली असतं, तेव्हा पाच महिने भरतात. परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही. तुम्ही या."

असं बोलून जाणारे पाहुणे पुष्कळ. पण दोन महिन्यांनी खरंच पत्र आलं. छप्पन्नच्या नोव्हेंबरपासूनच्या वर्गात एक जागा ठेवली होती, राहणं-जेवण शाळेचं, आणि जहाजाचं तिकीट खेड्यातल्या तरुणांना परदेशी पाठवणारी एक संस्था काढणार होती. शालिग्राम गुरुजींनी पत्र दोनदा वाचलं. गुरुजी शिरपूरच्या शाळेचे हेडमास्तर. कायद्याची भाषा वाचायची त्यांना हौस होती.

"हे पाय हेमसिंग," गुरुजी म्हणाले, "जायचे दोन रस्ते आहेत. एक, शिकायले जायचं. त्याले शाळेचं पत्र पायजे, अन् परत येशील याची कोणाची तरी हमी. दुसरा, कामाले जायचं. उन्हाळ्यात तिकडल्या शेतावर राबायचं. त्याले मालकाचं पत्र पायजे अन् तिकडल्या सरकारची परवानगी, तीबी इकडून निघायच्या आधी. दोन्हीत अगोदर पासपोर्ट. त्यावर त्या लोकांचा शिक्का, त्याले व्हिसा म्हनतात."

"मंग सोपं आहे," हेमसिंग म्हणाला.

हे वाक्य पुढं गुरुजींनी त्याला पुष्कळदा ऐकवलं.

तांड्यात बातमी पसरली. दौलतसिंग नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख, वयानं सत्तरीचा. तो म्हणाला, "दानापूरलेच जायचं आहे ना? तेल्हाऱ्याकडं? त्याले कायले एवढे कागद?" दानापूर नव्हे, डेन्मार्क, हे त्याला समजावण्यात एक संध्याकाळ गेली. बायको चंदाबाईनं फक्त विचारलं, "थंडी लय असते म्हने. घोंगडी नेसान का?"

पासपोर्टाचा अर्ज भरायला हेमसिंग घरीच बसला. नाव, बापाचं नाव, धंदा, सगळं सरळ गेलं. मग आलं जन्मस्थळ. शाळेच्या दाखल्यावर केनवड होतं, पण ते पहिल्या मास्तरनं जवळचं गाव म्हणून टाकलेलं. हेमसिंगनं आईला विचारलं. हिरीबाईला त्या गोष्टीचा मोठा अभिमान होता. तांडा कापूस वेचायला पैनगंगा ओलांडून निजामाच्या मुलखात गेला होता. परत येताना नदीच्या पलीकडच्या थडीलाच तिचं पोट दुखायला लागलं. बैलगाड्या उभ्या केल्या, बायांनी ओढण्या आडव्या धरल्या आणि हेमसिंग झाला. दुसऱ्या दिवशी ती पोराला छातीशी धरून पाण्यातून चालत अलीकडे आली.

हेमसिंगनं लिहिलं: पैनगंगा नदीचा दक्षिण काठ, तेव्हाचा निजाम इलाखा.

अर्ज गेल्यावर गुरुजींना कळलं तेव्हा त्यांनी कपाळ धरलं. "अरे, दाखल्यावर केनवड होतं ना? केनवड लिहाचं सोडून नदी कायले लिहिली?"

"गुरुजी, खाली छापलं होतं, वरील मजकूर खरा आहे म्हनून. त्यावर मी सही केली."

"खरं ते सगळंच लिहाचं असते का?"

"मंग सही कायची?"

यावर गुरुजी आणखी चिडले.

व्हायचं ते झालं. नागपुरातल्या एका कचेरीतून बोलावणं आलं. हेमसिंग रजा टाकून वाशीमकडलं मालेगाव, अकोला करत आगगाडीनं नागपूरला गेला. तिथल्या कारकुनानं चष्मा वर करून विचारलं, "तुमचा जन्म निजामाकडला?"

"हो साहेब. पण तो मुलूख आता भारतातच आहे."

"आता आहे. तुम्ही जन्मले तेव्हा होता का?"

"तेव्हा तर नागपूरबी इंग्रजाकडं होतं, साहेब."

कारकुनानं दाखला आणि अर्ज शेजारीशेजारी मांडले. मग म्हणाला, "शाळेच्या दाखल्यात केनवड, अर्जात नदी. एका माणसाचे दोन जन्म कसे? हैदराबाद राज्यातून जन्माचा दाखला आणा, मग पाहू."

हिंगोली तेव्हा हैदराबाद राज्यात. हेमसिंग तिथं गेला. तिथला कारकून भला माणूस होता, त्यानं चहा पाजला आणि सांगितलं, "मास्तरसाब, रजिस्टरात गावकऱ्यांची नोंद असते. नदीकाठी थांबून पुढं गेलेल्यांची कशी असणार? तुम्ही इथले नाहीच. तुम्ही जिथं राहता तिथून लिहून आणा." तो वाशीमला गेला. वाशीमच्या कचेरीत सांगितलं, "तुम्ही इथं राहता हे आम्ही लिहून देऊ. पण जन्म इथला नाही असं तुम्हीच लिहिलं, तर जन्माचं आम्ही कसं लिहावं?"

तो घरी आला आणि खाटेवर पालथा पडला. चंदाबाईनं भाकर वाढली तरी उठला नाही.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काई नाई. मी जन्मलोच नाई."

सप्टेंबर उजाडला. पासपोर्ट आज येईल, उद्या येईल अशा अंदाजानं दौलतसिंग नाईकानं निरोपाचं जेवण घातलं. बायांनी गाणी म्हटली, हिरीबाईनं पोराला जवळ घेऊन मोठ्यानं रडून घेतलं, चंदाबाईनं शेंगदाण्याचे लाडू बांधले. ट्रंक मोटारीच्या टपावर चढली. हेमसिंग अकोल्याला पोचला. तिथं संस्थेचा माणूस भेटणार होता. त्यानं सांगितलं की पासपोर्ट झालेला नाही, तिकीट दुसऱ्याला दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रंकेसकट मास्तर तांड्यात परत. लाडू पोरांनी खाल्ले. ज्यांनी अहेर म्हणून टोपी, पंचा, गमछा दिला होता, त्यांना तो परत घ्यावा की न घ्यावा ते कळेना. एक म्हातारा तर स्पष्टच म्हणाला, "ठेव. पुढल्या बारीले पुन्हा देनार नाई."

हिरीबाई हे सगळं पाहत होती. आपण सांगितलेल्या गोष्टीनंच पोराचं अडलं हे तिला हळूहळू उमगलं. एका सकाळी ती काठी घेऊन निघाली.

"याडी, कुठी चालली?" हेमसिंगनं आईला विचारलं.

"वाशीमले. तुह्या जन्माले मी होती. तो कारकून होता का?"

तिला अडवण्यात अर्थ नव्हता. मायलेक मोटारीनं वाशीमला गेले. कचेरीत हिरीबाई, हातात बलोये म्हणजे कोपरापर्यंतच्या पांढऱ्या बांगड्या, अंगावर आरशांचा फेट्या म्हणजे घागरा, सरळ टेबलापाशी जाऊन उभी राहिली. कारकुनानं हेमसिंगकडं पाहून विचारलं, "बाई काय म्हणतात?"

"मलेच विचार," हिरीबाई म्हणाली. "हे पोरगं मी जनलं. नदीच्या त्या थडीले. सरकारले ती जागा आवडून नाई राह्यली असं म्हनतात. मंग सांग, कुठी जनाले पायजे होतं?"

बाकीच्या टेबलांवरचं लिहिणं थांबलं. कारकून वरमला. त्यानं कागद ओढला, तिची जबानी लिहून घेतली. तारीख विचारली तर ती म्हणाली, "दुसरी वेचणी चालू होती." त्यानं तसंच लिहिलं. तिनं अंगठा दिला, शाई फेट्याला पुसली आणि बाहेर येऊन पायरीवर बसली. हेमसिंगला रडू येतंय की हसू, ते त्याचं त्यालाच समजेना. त्यानं तिच्यासाठी जिलेबी आणली. ती म्हणाली, "आता जाशीन तू."

तसं झालं नाही. महिन्याभरात राज्यच बदललं. एक नोव्हेंबरला मध्यप्रदेशातून विदर्भ निघाला, हैदराबादेतून मराठवाडा निघाला, आणि दोन्ही मुंबई राज्यात गेले. पैनगंगेच्या दोन्ही थड्या एका सरकारच्या झाल्या. हेमसिंगनं बातमी वर्तमानपत्रातून तांड्याला वाचून दाखवली आणि मनात म्हणाला, सुटलो. पण नागपूरच्या त्या कचेरीतले कागद गठ्ठे बांधून मुंबईला निघाले होते. त्यानं पत्र टाकलं. उत्तर आलं, कागद मुंबईला पाठवले. मुंबईला टाकलं, उत्तर आलं, नागपूरहून कागद मिळाले नाहीत. तिसऱ्या पत्राला उत्तरच आलं नाही. त्यातून सुएझचा कालवा बंद पडला, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. गुरुजी म्हणाले, "हेमसिंग, तुह्यासाठी सगळ्या जगानंच कट केला दिसते."

"गुरुजी, थट्टा नका करू."

"थट्टा नाई करत. मी हमीदार आहो तुहा. घरात रोज विचारतात, ज्याची हमी घेतली तो गेलाच नाई, मंग परत कोठून येईन?"

सत्तावन्नच्या होळीच्या आधी हेमसिंग स्वतः मुंबईला गेला. एका कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर एका मध्यमवयीन साहेबानं गठ्ठा सोडला, हेमसिंगचा कागद काढला, पंधरा मिनिटं वाचला आणि विचारलं, "जन्माचा हा वेगळा दाखला तुम्हाला कोणी मागितला?"

हेमसिंगनं सांगितलं.

"याची गरज नव्हती. तेव्हाही नव्हती, आताही नाही. शाळेचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र पुरे होतं."

हेमसिंगनं गठ्ठ्याकडं बोट दाखवलं. "साहेब, माह्या आईची जबानी आहे त्यात. ती तरी वाचली का?"

साहेबानं पानं चाळली. "असेल," तो म्हणाला आणि सही केली.

पासपोर्ट हातात आला, पण नोव्हेंबरचा वर्ग केव्हाच सुरू होऊन संपत आला होता. येन्सेन मास्तरांचं पत्र आलं: वाईट वाटून घेऊ नका, दुसऱ्या रस्त्यानं या. मे महिन्यात माझ्या शेजाऱ्याच्या शेतावर उमेदवार म्हणून लागा, गायी पाहा, गवत कापा, आणि हिवाळ्यात शाळेत बसा. शेजाऱ्याचं पत्र सोबत होतं. तिकडची कामाची परवानगीही मागवली होती.

दुसरा निरोप झाला. या वेळी जेवणाला निम्मी माणसं आली. चंदाबाईनं लाडू केले, पण थोडे. म्हणाली, "परत आले तर वाया नको."

मुंबईत डेन्मार्कच्या वकिलातीच्या कचेरीत एक बाई होत्या. अतिशय सभ्य. त्यांनी सगळे कागद मांडले आणि परवानगीच्या कागदावर बोट ठेवलं. त्यावर नाव होतं हेम सिंग, दोन तुकड्यांत, आडनाव सिंग. पासपोर्टावर होतं हेमसिंग सोमला आडे.

"हा दुसरा माणूस आहे," बाई म्हणाल्या.

"बाई, मीच आहो. आमच्या तांड्यातून डेन्मार्कले जानारा दुसरा कोन असनार?"

"मला पटतं," त्या म्हणाल्या. "पण परवानगी ज्याच्या नावाची त्यालाच शिक्का. दुरुस्ती तिकडूनच व्हायला हवी. मी आजच लिहिते."

"तंवर मी शिकायले म्हनून जाऊ का?"

"त्याला चालू वर्गाचं पत्र लागतं. सध्या वर्ग नाहीत."

"मंग पाव्हना म्हनून जातो, अन् तिथं काम धरतो."

"तसं करू नका. पाहुणा म्हणून गेलात तर काम करता येणार नाही, आणि केलंत तर पुढचे सगळे रस्ते बंद." त्यांनी त्याला पाणी दिलं. त्यांच्यावर रागावण्याची सोय नव्हती, आणि याच गोष्टीचा हेमसिंगला सगळ्यात जास्त राग आला.

दुरुस्त कागद आला तेव्हा तिकडं गवत कापून झालं होतं आणि शेतमालकानं दुसरा गडी लावला होता.

त्या रात्री तांड्यात परतल्यावर त्यानं ट्रंक उघडली, स्वेटर काढून चंदाबाईला दिला आणि म्हणाला, "उसवून पोराले टोपी कर. सोडलं मी."

चंदाबाईनं स्वेटर पुन्हा घडी करून ठेवला. "दोन सालं झाले," ती म्हणाली. "मी पान्याले गेली तरी बाया विचारतात. आता तुमी नाई गेले तर मले मरेपर्यंत विचारतीन. जा बापा एकदाचे."

हे बोलणं प्रेमाचं होतं की वैतागाचं, हेमसिंगला नीट कळलं नाही. दोन्ही असावं. पण सकाळी उठून त्यानं येन्सेन मास्तरांना पत्र लिहिलं की यंदाच्या नोव्हेंबरच्या वर्गात घेता का, आणि माझं पूर्ण नाव पत्रात असंच्या असं लिहा. खाली मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं. म्हणजे पुन्हा पहिलाच रस्ता. ऑगस्टात शाळेचं पत्र आलं, नाव बरोबर. संस्थेनं पुन्हा तिकीट काढलं. वकिलातीतल्या बाईंनी या वेळी कागद पाहिले आणि दुसऱ्या दिवशी शिक्का दिला.

निरोपाचं जेवण झालंच नाही. कोणाला खरं वाटेना. सप्टेंबरच्या एका पहाटे हेमसिंगनं हिरीबाईच्या पाया पडून ट्रंक उचलली, तेव्हा ती दाराशी बसून दात घासत होती. "दिवाळीले येशीन ना?" तिनं विचारलं.

जहाजावर तो तीन दिवस आजारी होता. मग बरा झाला. ट्रंकेत कपड्यांपेक्षा कागद जास्त होते: दोन दाखले, प्रतिज्ञापत्र, हमीपत्र, जुनं परवानगीपत्र, नवं परवानगीपत्र, वाशीमची नक्कल, हिंगोलीच्या भल्या कारकुनाची चिठ्ठी. बोटीवर झोप येईना तेव्हा तो ते क्रमानं लावायचा आणि काय विचारतील त्याची उत्तरं इंग्रजीत पाठ करायचा. नदी, थडी, निजाम, इंग्रज, सगळं. डेन्मार्कच्या बंदरावर उतरल्यावर गणवेशातल्या एका तरुण अंमलदारानं पासपोर्ट घेतला.

"किती दिवस?"

"पाच महिने. मग कदाचित उन्हाळाभर शेतावर काम."

"कामाचं तेव्हा गावातल्या पोलिसांना सांगा." शिक्का मारून त्यानं पासपोर्ट परत दिला.

हेमसिंग जागचा हलला नाही. कागदांचा जुडगा त्यानं काखेत धरला होता. "जन्मस्थळाबद्दल काही विचारायचं नाही का?" त्यानं विचारलं.

अंमलदारानं पान पुन्हा पाहिलं. "नदी मोठी आहे का?" तो म्हणाला. मागं रांग होती. हेमसिंग पुढं सरकला. बाकावर बसला आणि त्याला इतका संताप आला, की येन्सेन मास्तर दोन्ही हात पसरून समोर आले तरी तो उठला नाही. ज्या लढाईसाठी दोन वर्षं कंबर कसली, ती इथं कोणी लढायलाच आलं नव्हतं.

तो तिथं हिवाळाभर शिकला. गाणी म्हटली, वाद घातले, दुधाच्या सहकारी सोसायट्या पाहिल्या, बर्फावर तीनदा पडला. उन्हाळ्यात त्याच शेजाऱ्याच्या गोठ्यात गायी पाळल्या. गावच्या पोलिसानं परवानगी दिली, चहाही दिला. अठ्ठावन्नच्या दिवाळीआधी तो परत आला. हिरीबाईला वाटलं, आपण म्हटल्याप्रमाणे तो दिवाळीलाच आला. मध्ये एक वर्ष जास्त गेलं याची तिला फारशी तक्रार नव्हती.

आल्या आल्या त्यानं तांड्यात हिवाळ्याची शाळा सुरू केली, मोठ्या माणसांसाठी, तिकडच्यासारखी. पहिल्या दिवशी दौलतसिंग नाईक आणि दोन म्हातारे आले. दुसऱ्या दिवशी नाईकही नाही. हेमसिंग चिडून घरोघर फिरला तर घरोघर कुलपं. सगळा तांडा कापूस वेचायला गेला होता. तिकडं हिवाळ्यात शेत झोपतं, इकडं हिवाळ्यातच माणसाला दम नसतो, ही एवढी गोष्ट दोन समुद्र ओलांडताना त्याच्या ध्यानातच आली नव्हती. शालिग्राम गुरुजी हे ऐकून इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मग त्यानं शाळा चैत्रात नेली. उन्हं तापली, शिवारात काम नाही, रात्री मोकळ्या. तेव्हा माणसं आली, बायाही आल्या. कंदिलाच्या रॉकेलसाठी मदत मागावी म्हणून त्यानं विकासगटाच्या साहेबांकडं विचारणा केली, तर ते म्हणाले, अभ्यासक्रम कोणता, परीक्षा कधी, किती पास, ते लिहून अर्ज करा. हेमसिंगनं नमस्कार केला आणि उठून आला. रॉकेल तांड्यानं घातलं.

चंदाबाई पुढच्या रांगेत बसायची. एकदा शाळा सुटल्यावर तिनं विचारलं, "परीक्षा नाई, सर्टिफिकेट नाई. मंग आमी शिकलो हे कोनाले दाखवाचं?"

"कोनालेच नाई," हेमसिंग म्हणाला.

"मंग बरं," ती म्हणाली, आणि कंदील विझवून पुढं चालायला लागली.